हातची नोकरी आणि पुढचा शोध : एक आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

एका ठिकाणी रुजू असलेल्या मनुष्याने, त्या ठिकाणचा दरमहा स्वीकारीत असतानाच, दुसऱ्या ठिकाणच्या जागेसाठी प्रयत्न करावा की करू नये, आणि करावयाचा झाल्यास तो कोणत्या मर्यादेत राहून करावा, हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तिगत सोयीगैरसोयीचा वाटतो. परंतु इमान, करार, उपजीविकेचे स्वातंत्र्य आणि उद्योगाची निकड या चारही गोष्टी त्याच्यात गुंतलेल्या असल्यामुळे त्याचा विचार न्यायालयांना, अर्थशास्त्रज्ञांना आणि कामगारांच्या पुढाऱ्यांना वेळोवेळी करावा लागलेला आहे. या विचाराची आजची स्थिती काय आहे, कोणत्या बाबी निकालात निघाल्या आहेत आणि कोणत्या अद्याप लोंबकळत आहेत, याचा आढावा घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

रायगडाच्या पायथ्याचे पाचाड आणि त्याच्या भोवतीचा महाड-पोलादपूरचा मुलूख या विवेचनास विशेष अनुकूल आहे, कारण उपजीविकेचे चार निरनिराळे प्रकार येथे पुष्कळदा एकाच कुटुंबात नांदताना आढळतात. एक भाऊ महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात पाळीवर जातो, दुसरा मुंबईस किंवा पनवेलीस राहून सणासुदीला गावी येतो, भावजय जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असते आणि घरची वडीलधारी मंडळी गड पाहण्यास येणाऱ्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था पाहतात. या चौघांनाही बदलाचा विचार केव्हा ना केव्हा करावाच लागतो. मात्र प्रत्येकास लागू पडणारे नियम आणि भोगावी लागणारी जोखीम वेगळी असते.

आरंभीच एक मर्यादा सांगितली पाहिजे. एकाच वेळी दोन ठिकाणी काम करून दोन वेतने घेणे हा निराळा विषय आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ६० व्या कलमाने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास सामान्यतः मनाई केली होती, आणि २०२२ साली विप्रो कंपनीने प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करीत असल्याच्या कारणावरून सुमारे ३०० कर्मचाऱ्यांना कमी केल्यावर त्या विषयाची देशभर चर्चा झाली. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे : मनुष्य एकच नोकरी करतो आहे आणि दुसरीचा केवळ शोध घेतो आहे.

२. पूर्वपीठिका : दरबार आणि वतन

ज्यांची समाधी पाचाडास आहे त्या जिजाबाईंच्या माहेरच्या आणि सासरच्या इतिहासात या प्रश्नाचे एक जुने आणि दारुण रूप दिसते. त्यांचे वडील लखुजी जाधवराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, पुढे पुन्हा निजामशाहीकडे वळले, आणि १६२९ साली दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात मारले गेले. त्यांचे पती शहाजीराजे निजामशाही, आदिलशाही आणि मोगल या तिन्ही सत्तांच्या चाकरीत निरनिराळ्या काळी राहून १६३६ नंतर आदिलशाहीत स्थिरावले. त्या काळचा सरदार एकटा चाकरी करीत नसे, त्याच्यामागे त्याचे पथक असे. त्यामुळे दुसऱ्या दरबाराशी बोलणे पक्के झाल्यावाचून पहिला दरबार सोडणे म्हणजे शेकडो माणसांच्या अन्नाचा प्रश्न उभा करणे होते, आणि बोलणे लावल्याचा संशय आल्यास शिरच्छेदाचे भय होते. हातची चाकरी न सोडता पुढची पाहणे हा त्या काळी व्यवहार होता आणि राजद्रोहही होता. कोणत्या बाजूने पाहावे एवढाच प्रश्न.

शिवछत्रपतींनी सैनिकांना व अधिकाऱ्यांना जहागिरीऐवजी रोख वेतन देण्याचे धोरण ठेवले आणि मंत्र्यांची पदे वंशपरंपरागत होऊ दिली नाहीत, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण वेतन नियमाने मिळाले व पद गुणावर राहिले तर अन्यत्र पाहण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते, हे तत्त्व तिच्यात अंतर्भूत आहे. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेल्यानंतर राजारामांच्या कारकिर्दीत ही घडी विस्कटली. एका बाजूने औरंगजेब मनसबींचे आमिष दाखवीत होता आणि दुसऱ्या बाजूने जिंजीहून वतने व इनामे देऊन सरदारांना धरून ठेवावे लागत होते. जाऊ पाहणाऱ्या माणसास अधिक देऊन थांबविण्याची आजच्या मालकांची रीत मुळीच नवी नाही.

परंतु वतनाची दुसरी बाजूही होती. सरदारास जे वतन बक्षीस वाटे, तेच गावकीच्या खालच्या पायरीवरील माणसास बेडी ठरे. महार वतनदारास अल्पशा जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात गावाची व सरकारची वाटेल ती कामे वेळीअवेळी करावी लागत, आणि १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही व्यवस्था लेखी स्वरूपात पुढे चालू राहिली. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्याबरोबरच गावकीची हीन मानलेली कामे टाकून नवे व्यवसाय धरण्याचा प्रश्नही पुढे आणला. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आणि ही कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. काम सोडण्याचा अधिकार हा या तालुक्यात कोणास आपोआप मिळालेला नाही, तो झगडून मिळवावा लागला आहे; आणि पुढील विवेचनात हे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

३. गिरणीचा काळ

ब्रिटिश अमदानीत काम सोडणे हा काही काळ चक्क फौजदारी गुन्हा होता. १८५९ च्या कामगार करारभंगाच्या कायद्यान्वये, आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या कारागिरास अगर मजुरास मॅजिस्ट्रेटपुढे खेचता येत असे व कैदही होऊ शके. हा कायदा १९२५ साली रद्द झाला. तथापि उचल देऊन माणूस अडकविण्याची प्रथा तेवढ्याने संपली नाही. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर उचलीच्या पाशात सापडत राहिली, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाने असे बंधन बेकायदा ठरविल्यानंतरही हंगामापूर्वी उचल घेण्याची चाल टिकून आहे. अंगावर उचल असलेल्या माणसाला दुसरे काम शोधण्याचे स्वातंत्र्य कागदावरच असते.

महाड-पोलादपूरच्या तरुणांचा मोठा ओघ मुंबईच्या कापडगिरण्यांकडे होता. तेथे भरती मुकादमाच्या हातून होई. तोच माणूस लावी, तोच काढी, आणि त्याची मर्जी हेच नोकरीचे तारण असे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने या मुकादमशाहीवर कठोर टीका केली. १९३५ पासून गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली, ज्यायोगे नोंदलेल्या बदली कामगाराने रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी हजर राहावे व गैरहजर माणसाच्या जागी कामावर जावे. बदली कामगाराची अवस्था या लेखाच्या विषयास अगदी लागून आहे, कारण तो एकाच वेळी नोकरीत असे आणि नोकरीच्या शोधातही असे.

शोधाचे साधन मात्र मुख्यतः एकच होते, ते म्हणजे गावकऱ्यांची खोली. एका गावची माणसे एका खोलीत राहत, पाळीपाळीने झोपत, आणि कोणत्या गिरणीत साचे वाढले, कोणत्या खात्यात माणूस हवा आहे, याची खबर जेवणाच्या पंगतीत पसरे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, १९४५ साली सरकारी सेवायोजन कार्यालयांचा पाया घातला गेला, आणि १९५९ च्या कायद्याने विवक्षित आस्थापनांवर रिकाम्या जागा त्या कार्यालयास कळविण्याची सक्ती झाली. परंतु ही कार्यालये प्रामुख्याने बेकारांच्या नोंदणीची केंद्रे झाली. नोकरीत असलेल्या माणसास अधिक चांगली जागा मिळवून देण्याचे काम त्यांच्याकडून फारसे झाले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, संप कधी औपचारिकपणे मिटला नाही, आणि कोकणातील असंख्य घरांत कर्ता पुरुष गावी परतला. ज्यांनी संपापूर्वीच बंदरात, महानगरपालिकेत अगर दुसऱ्या उद्योगात पाय रोवण्याची खटपट केली होती त्यांचा संसार तरला. एका नोकरीच्या भरवशावर आयुष्य काढता येते हा विश्वास त्या संपाने कोकणातून कायमचा घालविला, आणि नोकरीत असतानाच पर्याय पाहून ठेवणे हे शहाणपण आहे हा विचार सर्वमान्य होऊ लागला.

४. कायद्याने काय ठरले आहे

या प्रश्नाची कायदेशीर चौकट १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या २७ व्या कलमावर उभी आहे. कोणासही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक, हे त्या कलमाचे सार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या खटल्यात या तत्त्वाची एक मर्यादा आखून दिली. कल्याणनजीकच्या त्या कंपनीच्या कारखान्यात परदेशी सहकार्याने टायरच्या धाग्याचे उत्पादन सुरू झाले होते; पाच वर्षांच्या करारावर घेतलेला एक पर्यवेक्षक मुदत संपण्यापूर्वीच निघून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात दाखल झाला. न्यायालयाने असे ठरविले की, कराराच्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याचे बंधन अवाजवी वा एकतर्फी नसेल तर ते अमलात आणता येते. याउलट, नोकरी संपल्यानंतरच्या काळात व्यवसायबंदी घालणारी कलमे टिकत नाहीत, असाच पुढील निर्णयांचा सर्वसाधारण रोख राहिला आहे.

तिसरा टप्पा मे २०२५ मधील विजया बँकेच्या प्रकरणाचा होय. त्या बँकेने आपल्या अधिकाऱ्याकडून किमान तीन वर्षे सेवेची अट आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची हमी घेतली होती. अधिकाऱ्याने मुदतीपूर्वी राजीनामा देऊन दुसऱ्या बँकेत जागा घेतली, रक्कम नाराजीने भरली आणि अटीस आव्हान दिले. सार्वजनिक बँकेस खुल्या भरतीचा खर्च व विलंब सोसावा लागतो हे ध्यानात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरविली. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यास निष्कर्ष स्पष्ट निघतो : नोकरीत असताना दुसरी जागा शोधणे, अर्ज करणे अगर मुलाखतीस जाणे यास सामान्य कायद्याची मनाई नाही, बंधन येते ते करारातील मुदतीचे, पूर्वसूचनेचे, वाजवी भरपाईचे आणि मालकाच्या गोपनीय माहितीचे.

सरकारी नोकराची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याने अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत करावा व ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे अशी अपेक्षा असते. याचे महत्त्व केवळ शिस्तीपुरते नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे राजीनाम्याने मागील सेवा गमावली जाते. मात्र रीतसर परवानगीने दुसरे सरकारी पद स्वीकारण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याचा त्यास अपवाद आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू असल्यामुळे, परवानगीचा एक कागद नसणे म्हणजे उतारवयातील आधार गमावणे, असा प्रसंग अशा कर्मचाऱ्यावर येऊ शकतो.

खासगी कारखान्यातील कामगारास नोकरी बदलताना ग्रॅच्युइटी व भविष्य निर्वाह निधी या दोन बाबी पाहाव्या लागतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीस सामान्यतः सलग पाच वर्षांची सेवा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कामगारांना एका वर्षानंतर ती प्रमाणशीर देण्याची तरतूद केली आहे. त्याच संहितांनी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आणि राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करण्याचे सांगितले. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळू लागल्याने जुने खाते नव्या ठिकाणी चालू ठेवणे सुकर झाले आहे.

५. तीन भूमिका

पहिली भूमिका इमानाची आहे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी प्रतारणा करू नये, हा संस्कार मराठी मनात खोल रुजलेला आहे, आणि त्यास केवळ भाबडेपणा म्हणून बाजूस सारणे न्याय्य होणार नाही. लहान कारखानदाराची बाजू या भूमिकेत प्रामुख्याने मांडली जाते. अननुभवी मुलास घेऊन, सहा महिने शिकवून, त्याच्या हातून झालेले नुकसान सोसून तयार करावे, आणि तो तयार होताच शेजारच्या मोठ्या कारखान्याने त्यास थोडा अधिक पगार देऊन उचलावे, असे वारंवार घडले तर शिकविण्याची इच्छाच मरते. शिवाय मनाने निघून गेलेला माणूस शरीराने यंत्राशी उभा असेल, तर रासायनिक कारखान्यात त्याचे दुर्लक्ष इतरांच्या जिवावर बेतू शकते, हा मुद्दाही या पक्षाकडून मांडला जातो.

दुसरी भूमिका स्वातंत्र्याची आहे. नोकरी हा करार असून मालकास मंदी आली तर तो माणूस कमी करताना इमानाचा विचार करीत नाही. मग कामगाराकडूनच आजन्म निष्ठेची अपेक्षा का करावी, असा या पक्षाचा सवाल आहे. रिकाम्या हाताने घरी बसून काम शोधणाऱ्या माणसास सौदा करण्याची ताकद राहत नाही. महिन्याचा हप्ता, मुलांच्या शाळेचा खर्च आणि आईवडिलांचे औषधपाणी यांमुळे तो मिळेल ती अट मान्य करतो. म्हणून हातची नोकरी राखून शोध करणे हा गरिबाचा एकमेव विमा आहे, असे हा पक्ष मानतो.

तिसरी भूमिका अर्थशास्त्राची असून ती नीतीऐवजी परिणामांकडे पाहते. केनेथ बर्डेट यांनी १९७८ साली नोकरीत असतानाच्या शोधाचा सिद्धान्त मांडला; श्रमबाजारातील शोधप्रक्रियेच्या विश्लेषणाबद्दल पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन व ख्रिस्तोफर पिसारिडीस यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विचारानुसार माणूस आपल्या योग्यतेच्या कामापर्यंत एका उडीत पोहोचत नाही, पायरीपायरीने पोहोचतो. आणि कामगार जाऊ शकतो या जाणिवेनेच मालक वेतन व वागणूक सुधारतो. अमेरिकेतील अलीकडच्या अभ्यासांत, नोकरीत असलेल्यांना बेकारांपेक्षा कमी खटपटीत अधिक व चांगल्या जागा देऊ केल्या जातात असेही आढळले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बहुतेकांना नोकरीची खबर ओळखीच्या माणसांकडून, आणि तीही निकटच्या आप्तांपेक्षा लांबच्या परिचितांकडून, मिळाली होती. गावकऱ्यांच्या खोलीचे सामर्थ्य आणि तिची उणीव या दोहोंवर या निष्कर्षाने प्रकाश पडतो : खोलीने शेकडोंना गिरणीत लावले, परंतु सर्वांना एकाच गिरणगावात लावले.

या तिन्ही भूमिकांचा मेळ घालण्यास आल्बर्ट हर्षमन यांचे १९७० चे विवेचन उपयोगी पडते. संस्था बिघडू लागली की माणसापुढे निघून जाणे आणि आवाज उठविणे असे दोन मार्ग असतात, व निष्ठा माणसास काही काळ थांबवून आवाज उठविण्यास प्रवृत्त करते. ज्यांना दोष सर्वांत आधी दिसतो तेच आधी निघून गेले, तर दोष सांगणारा कोणी उरत नाही. महाडच्या रासायनिक वसाहतीत हा विचार पुस्तकी राहत नाही. झडप नादुरुस्त आहे, वायूची गळती होते आहे, हे ओळखणारा अनुभवी ऑपरेटर गुपचूप दुसरीकडे गेला, तर त्याच्या जागी आलेल्या नवशिक्यास धोका कळतही नाही. उलट, दुसरी जागा मिळू शकेल असा विश्वास असलेला कामगारच वरिष्ठांसमोर निर्भयपणे बोलू शकतो, हेही तितकेच खरे आहे.

६. महाड-पोलादपूरची परिस्थिती

महाडची औद्योगिक वसाहत पाचाडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरच्या अंतरात असून तिच्यावर रासायनिक उद्योगाची छाप आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रासायनिक संयंत्राचे शिक्षण घेतलेला मुलगा, लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून बाहेर पडलेला अभियंता आणि विज्ञानाचा पदवीधर केमिस्ट, तिघेही प्रथम याच वसाहतीकडे पाहतात. अशा मर्यादित क्षेत्रात श्रम विकत घेणारे थोडे आणि विकणारे पुष्कळ असतात. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली वर्णन केलेल्या ग्राहकाच्या मक्तेदारीचे लक्षण तेथे काही अंशी दिसते. त्यात शोध गुप्त ठेवणे जवळजवळ अशक्य होते. ज्या कारखान्यात मुलाखत द्यावयाची त्याच्या फाटकावरील पहारेकरी आपल्याच वाडीचा असतो, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारा माणूस साहेबांच्या परिचयाचा असतो, आणि मुलाखतीची वार्ता पाळी संपण्यापूर्वी खात्यात पोहोचते. मुंबईत किंवा हिंजवडीत जी सावधगिरी पुरेशी ठरते ती येथे पुरत नाही.

ठेकेदाराकडे असणाऱ्या कामगाराची अडचण याहून गाढ आहे. तो त्याच यंत्रावर वर्षानुवर्षे काम करतो, परंतु कागदोपत्री ठेकेदार बदलत राहतात; त्यामुळे अनुभवाचा दाखला कोणी द्यावयाचा, हेच ठरत नाही. दाखला नसेल तर नव्या ठिकाणी त्याची गणना नवशिक्यात होते आणि पगार पुन्हा खालून सुरू होतो. नेमणूकपत्राची नवी सक्ती या वर्गापर्यंत कितपत पोहोचते, यावर तिचे मोल अवलंबून राहील.

गडावर अवलंबून असलेल्या उपजीविकेचे गणित ऋतूवर चालते. शिवराज्याभिषेकाचा सोहळा, हिवाळ्यातील शाळांच्या सहली, सुट्ट्यांचे दिवस या काळात खानावळींना, वाटाड्यांना व रोपवेच्या आसपासच्या दुकानांना माणसे हवी असतात. भर पावसात तीच माणसे शेतावर जातात किंवा महाडला मिळेल ते काम पाहतात. या लोकांत शोध कायमचाच चालू असतो आणि त्यास कोणी बेइमानी म्हणत नाही. स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न वेतनापेक्षा वाटेचा असतो. रात्रपाळीनंतर घरी पोहोचण्याची सोय नसेल तर चांगली जागाही सोडून द्यावी लागते, आणि म्हणून त्यांचा शोध एस. टी.च्या वेळापत्रकाच्या मर्यादेत फिरतो.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची निराळी तऱ्हा आहे. कोकणातील शाळांवर पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यातून आलेल्या शिक्षकांची संख्या लक्षणीय असून, स्वजिल्ह्यात जाण्यासाठी आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणे हा त्यांच्या सेवाकाळाचा एक भागच झालेला असतो. त्यांची कुटुंबवत्सल ओढ समजण्यासारखी आहे. परंतु डोंगरातील शाळेस ज्या शिक्षकाचे मन लागलेले हवे, तो तेथे पाहुण्यासारखा राहिला तर मुलांचे नुकसान होते. या दोहोंचा समतोल बदलीच्या कोणत्याही धोरणास आजवर पूर्णपणे साधलेला नाही.

७. अनिर्णित राहिलेल्या बाबी

पहिली बाब भरपाईच्या हमीपत्राची. सार्वजनिक बँकेस लावलेले माप वीस माणसांच्या खासगी कारखान्यास लावता येईल काय, आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणावर काही खर्च झालेला नसताना मूळ शैक्षणिक कागदपत्रे अडकवून ठेवणे कितपत खपवून घ्यावे, याचे सर्वमान्य उत्तर नाही. सेवेच्या हमीचा विचार करताना एक जुने उदाहरण आठवते. १९१३ साली परदेशी शिक्षणासाठी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेताना डॉ. आंबेडकरांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता; १९१७ साली ते रुजू झाले, परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना राहण्यास जागाही मिळेना, आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. करार पाळण्याची जबाबदारी एका बाजूवर टाकताना, तो पाळता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर किती, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता आणि आजही सुटलेला नाही.

दुसरी बाब पूर्वसूचनेच्या मुदतीची. कारखान्यांत महिन्याची मुदत सामान्य आहे, तर माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत ती पुष्कळदा तीन महिन्यांपर्यंत जाते. नवा मालक ताबडतोब रुजू होण्याचा आग्रह धरतो, जुना मालक मुक्ततेचा दाखला रोखून धरतो, आणि मधल्या मधे उमेदवार कोंडला जातो. दोघेही मालक असताना आपल्याकडे येणाऱ्यास घाई आणि आपल्याकडून जाणाऱ्यास दिरंगाई करतात, ही विसंगती उद्योगसंघटनांनी परस्परसंमतीने दूर केली पाहिजे. तशी सार्वत्रिक व्यवस्था अद्याप नाही.

तिसरी बाब मालकामालकांमधील अलिखित समजुतीची. एकमेकांची माणसे न घेण्याचे ठरविल्याबद्दल अमेरिकेत गूगल, ॲपल, इंटेल आदी कंपन्यांवर सरकारने २०१० साली कारवाई केली, आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात मोठी भरपाई द्यावी लागली. लहान औद्योगिक वसाहतीत अशी समजूत बैठक न भरविता, केवळ एका फोनवर होऊ शकते व तिचा पुरावा राहत नाही. लघुउद्योजकाच्या दृष्टीने ती स्वसंरक्षणाची युक्ती असते, कामगाराच्या दृष्टीने बंद केलेला दरवाजा असतो. दोहोंचे म्हणणे ऐकून मर्यादा आखण्याचे काम व्हावयाचे आहे.

चौथी बाब सत्यकथनाची. मुलाखतीसाठी आजारपणाची रजा टाकावी काय, वरिष्ठाने सरळ विचारले तर शोधाची कबुली द्यावी काय, आणि एका ठिकाणचे नेमणूकपत्र स्वीकारून ते केवळ पगारवाढीसाठी जुन्या मालकास दाखवावे काय, यांवर नीतीचे मत आणि व्यवहाराचे मत जुळत नाही. शोध उघड केला की बढती थांबते असा अनुभव जोवर येतो, तोवर कामगाराकडून मोकळेपणाची अपेक्षा करणे एकांगी आहे. आणि खोट्या रजेने पाळीवरच्या सहकाऱ्याच्या डोक्यावर दुप्पट काम पडते, हेही विसरता येत नाही.

८. समारोप

एकूण विचार करता, शोध करण्याच्या अधिकाराविषयी आज गंभीर मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो रीतीविषयी व मोबदल्याविषयी. नोकराने मालकाच्या वेळेत शोध करू नये, कारखान्याची कृती व ग्राहकांची माहिती बरोबर नेऊ नये, पूर्वसूचनेची मुदत पाळावी आणि आपल्या जागेचे काम, विशेषतः धोक्याच्या यंत्राचे, पुढच्या माणसास नीट समजावून द्यावे; मालकाने नेमणूकपत्र व अनुभवाचा दाखला अडवू नये, हिशेब मुदतीत चुकता करावा आणि जाणाऱ्या माणसाने सांगितलेले दोष कान देऊन ऐकावे, एवढ्यावर तिन्ही पक्षांचे एकमत होण्यास हरकत दिसत नाही.

महाड-पोलादपूरच्या तरुणांना आणि त्यांच्या घरच्यांना एक व्यावहारिक विनंती करावीशी वाटते. नेमणूकपत्र, प्रत्येक महिन्याची पगारपत्रिका, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि अनुभवाचे दाखले आजपासूनच जपून ठेवावेत. सही करण्यापूर्वी हमीपत्रातील मुदत व रक्कम वाचावी. सरकारी सेवेत असल्यास परवानगीवाचून राजीनामा देऊ नये. आणि नव्या जागेचे लेखी पत्र हाती येईपर्यंत जुनी जागा सोडू नये. वसाहतीतील कारखानदारांस विनंती एवढीच की, ठेकेदाराकडील कामगारासही त्याने केलेल्या कामाचा खरा दाखला मिळेल अशी व्यवस्था त्यांनी स्वतः होऊन करावी. त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही.